आडनाव वेगळं होतं

संशोधनाचा प्रस्ताव पाठवायचा असला की आता आमच्या कॉलेजात प्रत्येकाला एक निवेदन द्यावं लागतं. या संशोधनातून मला, माझ्या घरच्यांना किंवा नातेवाइकांना काही आर्थिक फायदा होणार असेल तर तो इथे नमूद करावा, असं त्यात छापलेलं असतं. खाली बरीच मोकळी जागा असते. सगळे तिथे ‘लागू नाही’ लिहितात आणि पान उलटतात. मीही तेच लिहिते, आणि मला खरंच काही लागू नसतं. पण लिहिताना हात जरा अडतो आणि बोरसे मॅडम आठवतात.

शकुंतला बोरसे. धुळ्याच्या आमच्या कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवायच्या. त्यांचा खरा जीव किड्यांमध्ये. ठेंगणी, रापलेली बाई. सुती साडी आणि खाली बंद बूट, कारण वर्ग संपला की कोणत्या ना कोणत्या शेतात जायचं असायचं. गळ्यात मंगळसूत्राशेजारी काळ्या दोऱ्यात ओवलेलं एक छोटं भिंग. बोलता बोलता ते भिंग डोळ्याला लावून टेबलावरची मुंगी बघायच्या आणि समोरच्याचं वाक्य मात्र चुकवायच्या नाहीत.

त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या मुलाखतीत. मी खुर्चीवर बसते न बसते तोच समितीतली ही बाई उभी राहिली. म्हणाली, “थांबा, आधी नातं सांगते. ही मुलगी माझ्या यजमानांच्या आत्याकडे भाड्याने राहते. आत्याबाई हिचं फार कौतुक करतात. मी हिला मार्क देणार नाही.” आणि पदर सावरत त्या बाहेर व्हरांड्यात जाऊन बसल्या. मला वाटलं, झालं, ही नोकरी गेली. नोकरी मिळाली. रुजू झाल्यावर त्यांनी मला कॅन्टीनमध्ये चहा पाजला आणि म्हणाल्या, “कल्पना, तू लागलीस ती तुझ्यामुळे. मी आत बसले असते ना, तर ते तुला कधीच खात्रीनं कळलं नसतं.”

‘आधी नातं सांगते’ हे वाक्य त्यांच्या तोंडी इतकं बसलं होतं की स्नेहसंमेलनात मुलं त्यांची नक्कल करायची ती याच वाक्याने. एक मुलगी साडी आणि बूट घालून स्टेजवर यायची आणि गांडुळाकडे बघून म्हणायची, “थांबा, आधी नातं सांगते.” सगळ्यात मोठ्याने मॅडमच हसायच्या. पण एका वर्षी दुसऱ्याच दिवशी रांगोळी स्पर्धेच्या परीक्षक म्हणून त्यांना बोलावलं, तर स्पर्धेतली एक मुलगी त्यांच्या दूधवाल्याची निघाली. प्राचार्य म्हणाले, “मॅडम, दूधवाल्याशीसुद्धा नातं?” त्या म्हणाल्या, “रोज सकाळी घराबाहेरचा पहिला चेहरा त्याचा बघते, सर. तुम्हीच निवडा.” आणि खरंच बाजूला झाल्या.

आम्हाला याचं हसू यायचं. कधी कधी कंटाळाही यायचा. पण शेतकऱ्यांमध्ये या सवयीला काही वेगळीच किंमत होती. धनराज आबा म्हणून एक म्हातारे शेतकरी होते. त्यांचं शेत आमच्या प्रयोगात होतं. एकदा ते भरिताची वांगी घेऊन थेट विभागात आले. हिरवी, पांढुरक्या रेघांची, हातात न मावणारी. मॅडमना भरीत जीव की प्राण. त्यांनी एक वांगं हातात घेऊन तोललं, वासही घेतला आणि पिशवीत परत ठेवलं. “आबा, पिकाचा हंगाम संपू दे. आता ही वांगी खाल्ली तर माझे डोळे तुमच्या बोंडांवर माया करतील.” आबा रागावले नाहीत. कापूस वेचून झाल्यावर ते पुन्हा आले आणि म्हणाले, “आते खाशात ना, बाई?” त्या दिवशी प्रयोगशाळेतल्या बर्नरवर वांगी भाजली गेली आणि अख्ख्या मजल्यावर धूर झाला.

ज्या प्रयोगावरून पुढे सगळं घडलं, तो गुलाबी बोंडअळीचा होता. ही अळी कपाशीच्या बोंडात शिरते, आतून सरकी खाते, आणि बाहेरून बोंड चांगलं हिरवंगार दिसत राहतं. फुटल्यावर कळतं की आत नुसती कवडी, म्हणजे किडका, घट्ट चिकटलेला कापूस आहे. यावर एक उपाय म्हणजे कामगंध सापळे. शेतात काठीला सापळा टांगायचा, त्यात मादी पतंगाच्या वासाची गोळी ठेवायची. नर त्या वासाने येतात आणि अडकतात. गोळ्या बनवणारे बरेच. पण आपल्याकडच्या उन्हात कोणाची गोळी किती टिकते, हे कोणी नीट तपासलं नव्हतं. मॅडमनी तो प्रस्ताव लिहिला, सरकारी निधी मंजूर झाला, आणि धुळे नि अमळनेर तालुक्यातल्या शेतांमध्ये आमचे सापळे लागले. वेगवेगळ्या कंपन्यांच्या गोळ्यांना आम्ही फक्त अक्षरं दिली होती, म्हणजे मोजणाऱ्याला नाव कळू नये.

पहाटे शेतात पोचायचं, सापळ्यातले पतंग मोजायचे, मग हिरवी बोंडं कापून आत अळी आहे का ते पाहायचं. मॅडम बांधावर मांडी घालून बसायच्या. एका हातात चाकू, डोळ्याला भिंग. निंदणाऱ्या बायका भोवती जमायच्या. मॅडमचं माहेर बोरी नदीकाठचं, अमळनेर तालुक्यातलं, त्यामुळे बांधावर बसल्या की त्यांची भाषा आपोआप अहिराणी व्हायची. एखादी बाई विचारायची, “बाई, हाई अळी इतली गुलाबी कशी काय शे?” त्या म्हणायच्या, “आपला जीववर खाई राहिनी ना, मंग गाल गुलाबीच व्हतीन.” बायका हसायच्या आणि मॅडम कापलेलं बोंड बोटांनी मिटून ठेवायच्या. तसं मिटवून काही उपयोग नव्हता. पण त्या तसं करायच्या.

त्यांचा धाकटा भाऊ प्रकाश. आई लवकर गेली, तेव्हा मॅडम नुकत्या बी.एस्सी. झाल्या होत्या आणि प्रकाश शाळेत जात होता. मॅडमचं लग्न थोडं लांबलं ते त्याच्यासाठी, असं बोरसे सर सांगायचे. बोरसे सर म्हणजे त्यांचे यजमान. हायस्कुलात चित्रकला शिकवायचे, फारच कमी बोलायचे. प्रकाशला मी दोन-तीनदा पाहिलं होतं. देखणा, बोलका, हातात कायम काहीतरी घेऊन येणारा. कधी ज्वारीचा हुरडा, कधी शेवग्याच्या शेंगा. अमळनेरला बी-बियाण्याच्या दुकानात नोकरी करायचा. बहिणीकडून किडे-औषधं ऐकून ऐकून त्याला त्यातलं बरंच कळायला लागलं होतं.

प्रयोगाच्या दुसऱ्या वर्षी त्याने दुकान सोडलं आणि जळगावच्या एका मित्राच्या धंद्यात भागीदार झाला. मित्र रसायनशास्त्र शिकलेला, शहराबाहेरच्या शेडमध्ये सापळ्याच्या गोळ्या करायचा. त्या गोळ्या आधीपासूनच आमच्या प्रयोगात होत्या. मॅडमना हे कळलं त्याच आठवड्यात त्यांनी विद्यापीठाला कळवलं: माझा सख्खा भाऊ आता यातल्या एका कंपनीत आहे. तिकडून उत्तर आलं की हरकत नाही, त्या गोळ्यांच्या शेतातली मोजणी दुसऱ्या कोणी करावी. ती मोजणी माझ्याकडे आली. मॅडमनी त्या शेतांची वाटच सोडली. गाडी तिकडे वळली की त्या फाट्यावर उतरून झाडाखाली बसायच्या आणि आम्ही परतेपर्यंत तिथेच थांबायच्या.

तिसऱ्या वर्षी निकाल दिसायला लागले. माझ्याकडच्या शेतांतली गोळी उन्हात बाकीच्यांपेक्षा जास्त टिकत होती. बोंडंही कमी किडत होती. मी मोजलेलं होतं, मला ठाऊक होतं. अहवाल लिहायला घेतला तेव्हा उन्हाळा लागला होता आणि आखाजी जवळ आली होती.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी जातात. त्यांना न्यायला माहेरून कोणीतरी येतं, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मॅडमचं वय काहीही होवो, प्रकाश दर वर्षी स्वतः मुऱ्हाळी म्हणून यायचा. त्या वर्षी त्या मलाही घेऊन गेल्या. “चल, खापरावरची पुरणपोळी खा एकदा,” म्हणाल्या. अंगणात निंबाला झोका बांधला होता. आमरसाचं जेवण झालं. प्रकाशच्या बायकोने, सुरेखाने, आग्रह करकरून वाढलं. प्रकाश खुशीत होता. हात धुऊन तो मॅडमच्या शेजारी ओट्यावर बसला आणि म्हणाला, “अक्का, तुले एक गोट सांगानी शे. तू माले बठ्ठी जमीन सोडी दिधी. मंग मी तुना भाग ठेवाले नको का? कंपनीमा तुनं बी नाव शे.”

मॅडमना आधी कळलंच नाही. “कसानी कंपनी?”

“आपली. गोळ्यासनी.”

“कधीपाईन?”

“मांगला वरीसपाईन. जमीनना कागदससंगे तू सह्या करेल शेतस ना.”

वडिलांच्या जमिनीवरचा हक्क त्यांनी भावासाठी सोडला होता, हे मला माहीत होतं. त्या वेळी प्रकाशने पुढे केलेल्या सगळ्या कागदांवर त्यांनी सह्या केल्या होत्या. औषधाच्या बाटलीवरचा मजकूरसुद्धा शेवटपर्यंत वाचणारी बाई ती. पण तिथे वाचलं नव्हतं. कागद प्रकाशच्या हातातले होते.

झोक्यावर गल्लीतल्या पोरी गाणी म्हणत होत्या. मग मॅडम म्हणाल्या, “प्रकाश, मना प्रयोगमा तुनी गोळी शे.”

त्याचा चेहरा उतरला. मग त्याने लगेच सावरून घेतलं. “मंग नाव काढी टाकसूत, अक्का. उद्याच. कोनले समजी?”

“माले समजनं ना.”

एवढंच बोलून त्या उठल्या. निघताना सुरेखाने त्यांची ओटी भरली, त्यांनी प्रकाशच्या पाठीवरून हात फिरवला. परतीच्या एसटीत त्या खिडकीपाशी बसून होत्या. पारोळा आलं तेव्हा मला म्हणाल्या, “त्यानं प्रेमानं केलंय गं. हे कुठे लिहिता येत नाही.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी विभागप्रमुखांना सांगितलं. मी अहवालाचे तक्ते घेऊन तिथेच उभी होते. प्रमुख वाईट माणूस नव्हते. त्यांना मॅडमबद्दल आदर होता. त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, “मॅडम, तुमचं आडनाव वेगळं, त्याचं वेगळं. तुम्ही धुळ्याला, कंपनी जळगावला. कोणीही जोडणार नाही. नाव काढून घ्या आणि अहवाल पाठवा. भावाचं तुम्ही आधीच कळवलंय. मोजणी कल्पनाने केली आहे. निकाल खोटा आहे का?”

“नाही.”

“मग?”

“निकाल खरा आहे म्हणून तर सांगायला हवं, सर. खोटा असता तर फाडून टाकला असता.”

बोरसे सरांनाही त्यांनी विचारलं होतं म्हणे, काय करू. सर म्हणाले होते, “तू सांगणारच आहेस. चहा घेऊन जा.”

विद्यापीठात समिती बसली. मोजणी केलेली म्हणून मलाही बोलावलं होतं. मॅडम उभ्या राहून बोलल्या. त्यांनी काही लपवलं नाही आणि स्वतःची बाजूही फारशी मांडली नाही. सह्या न वाचता केल्या, एवढं सांगताना त्यांचा आवाज जरा बारीक झाला. समितीने सगळं शांतपणे ऐकलं, मलाही प्रश्न विचारले. निर्णय नियमाप्रमाणे झाला. मॅडमनी प्रकल्पातून बाजूला व्हायचं, ते निकाल राखून ठेवायचे, आणि दुसऱ्या चमूने दुसऱ्या शेतांवर प्रयोग नव्याने करायचा. तोपर्यंत कोणत्याच गोळीची शिफारस करायची नाही. बाहेर आल्यावर समितीतले एक सद्गृहस्थ मॅडमना नमस्कार करून म्हणाले, “तुमच्यासारखे लोक राहिले नाहीत.” मॅडम म्हणाल्या, “माझं राहू द्या. येत्या हंगामात शेतकऱ्याला काय सांगायचं, ते सांगा.”

मग एका स्थानिक वर्तमानपत्रात बातमी आली. कापूस संशोधनात नातेवाइकाचा फायदा, प्राध्यापिकेला प्रकल्पातून हटवलं. त्या बातमीतलं एकही वाक्य खोटं नव्हतं. एक वाक्य फक्त राहिलं होतं: हे तिने स्वतः सांगितलं.

ते एक वाक्य राहिलं आणि बाकी सगळं पसरत गेलं. कॉलेजात पालक दबक्या आवाजात विचारायचे, त्या याच का. स्टाफरूममध्ये मॅडम आल्या की बोलणं थांबायचं. ज्यांना माहीत होतं तेही सांगत बसले नाहीत, कारण सांगायला बरंच लांबून सुरुवात करावी लागायची आणि ऐकणाऱ्याला तेवढा धीर नसायचा. ‘बाईनी सरकारना पैसा खादा’ हे म्हणायला सोपं होतं. स्नेहसंमेलनात त्या वर्षी त्यांची नक्कल कोणी केली नाही. त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मला वाटतं, त्या वाट बघत होत्या.

प्रकाशच्या गोळ्यांना एका योजनेतून मागणी येणार होती, ती आली नाही. दुकानदारांनी माल परत पाठवला. मित्र वेगळा झाला. एके दिवशी संध्याकाळी मी मॅडमकडे उत्तरपत्रिका द्यायला गेले होते, तेव्हा तो दारात आला. आत आला नाही, चपलाही काढल्या नाहीत.

“प्रकाश, बठ. चहा ले,” मॅडम म्हणाल्या.

“चहा नको. एवढंच सांगाले ऊनू. शेड बंद करी. सुरतले चालनू.” मग तो थांबला. ओरडला नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं. “अक्का, तू तुनं नाव धुई लिधं. मना धंदा वाही गया.”

“मनं नाव कोठे धुवाई गयं, भाऊ?” मॅडम हळूच म्हणाल्या. पण तो जिना उतरायला लागला होता. त्याने ते ऐकलं की नाही, मला सांगता येणार नाही.

पुढच्या आखाजीला मुऱ्हाळी आला नाही. कॉलेजला सुट्टी होती, पण मी काही कामासाठी विभागात गेले तर मॅडम तिथे. किड्यांच्या पेट्या काढून डांबरगोळ्या बदलत बसल्या होत्या. बाहेर कुठेतरी झोक्यावरची गाणी चालली होती. मी मदतीला बसले. एका पेटीतल्या फुलपाखराचा पंख मोडला होता, तो चिमट्याने परत चिकटवायचा प्रयत्न त्या बराच वेळ करत राहिल्या.

पण सगळ्यात जास्त त्यांना लागलं ते वेगळंच. बातमी वाचून गावागावांतल्या शेतकऱ्यांनी सापळे काढून टाकले. नुसत्या प्रकाशच्या गोळ्यांचे नव्हे, सगळेच. बाईच खोटी, तर सापळाही खोटा. त्या हंगामात कपाशीला डोमकळ्या दिसायला लागल्या. न उमललेली, पाकळ्या मुरगळून बंद झालेली ही फुलं म्हणजे आत अळी असल्याची पहिली खूण. मॅडमकडे आता प्रकल्प नव्हता, गाडी नव्हती. रविवारी त्या एसटीने गावोगाव जायला लागल्या. एकदा मी सोबत गेले, ते धनराज आबांचं गाव होतं.

मारुतीच्या पारावर दहा-बारा माणसं जमली. मॅडम उभ्या राहिल्या आणि सवयीप्रमाणे त्यांनी आधी नातं सांगितलं. एक कंपनी माझ्या भावाची होती, तीत माझाही भाग होता, मला तो माहीत नव्हता, पण होता. आता तो नाही. ती कंपनीही नाही. तुम्ही कोणाचीही गोळी आणा, पण सापळे लावा. अजून वेळ गेलेली नाही.

एकजण उठून तंबाखू थुंकून आला. मग मागून एकाने विचारलं, “सापळा खरा शे का खोटा शे, इतलंच सांगा.”

“खरा शे.”

“मंग तुमना भाऊसाठे सांगी राहिन्यात ना?”

“मना भाऊनी शेड बंद पडी गई, भाऊ.”

तो हसला, आणि शेजारच्यानेही मान हलवली. धनराज आबा एवढा वेळ काठीवर हनुवटी टेकून बसले होते. लोक पांगल्यावर ते जवळ आले. म्हणाले, “बाई, तुमी हाई नातं नही सांगतात, तर आम्ही तुमनं ऐकतूत.”

मॅडम त्यांच्याकडे बघत राहिल्या. आबांनी ते रागाने म्हटलं नव्हतं. त्यांना वाईट वाटत होतं. मॅडमनी भिंग हातात घेतलं, पदराने पुसलं, पुन्हा सोडून दिलं. “हो आबा,” एवढंच म्हणाल्या, तेही प्रमाण मराठीत. बांधावरची त्यांची भाषा त्या क्षणी कुठे गेली होती कोण जाणे. आबांनी आपल्या शेतात सापळे लावले. गावात आणखी कोणी लावल्याचं माझ्या ऐकिवात नाही. त्या वर्षी तिथे वेचणी झाली ती बरीचशी कवडीचीच.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा निरोप समारंभात कोणी प्रकल्पाचं नाव काढलं नाही. चांगले विद्यार्थी घडवले, असं सगळे बोलले. त्यानंतर त्या आणि बोरसे सर अमळनेरला राहायला गेले. छोटं घर, पुढे तगर, मागे दोन-चार कपाशीची झाडं. मी अधूनमधून जायची. त्या थकत चालल्या होत्या. छातीचं दुखणं होतं, ते त्या कोणाला सांगत नव्हत्या.

दुसऱ्या चमूचा प्रयोग पूर्ण व्हायला दोन-तीन हंगाम गेले. निकाल आला तो आमच्यासारखाच. शीतपेटीत राखून ठेवलेल्या साठ्यातली तीच गोळी जास्त टिकली होती. मूळ नोंदींमध्ये काही गैर आढळलं नाही, असंही त्यात लिहिलं होतं. मी बातमी सांगायला धावत अमळनेरला गेले. त्या दाणे निवडत होत्या. ऐकून घेतलं. ताटातले दाणे एका बाजूला सारले, पुन्हा मधे आणले.

“ती गोळी आता करतं कोण?” त्यांनी विचारलं.

“कोणी नाही, मॅडम. मित्राने कृती विकली म्हणतात. घेणाऱ्याने सुरूच केली नाही.”

“प्रकाशला कळलं का?”

“मी सांगू?”

त्यांनी मान हलवली. “नको. त्याला आता ते ऐकून काय होणार. त्याला आपली गोळी चांगली आहे हे कधी खोटं वाटलंच नव्हतं.” मग थोड्या वेळाने, “मलाही नाही,” असं म्हणाल्या आणि सुपात दाणे ओतले. बोरसे सर आतून चहा घेऊन आले. ती बातमी कोणत्या वर्तमानपत्रात आली नाही. कोणाला ती बातमी वाटली नसणार.

त्यांना शेवटचं पाहिलं ते अमळनेर स्टेशनवर. मी भुसावळकडे निघाले होते, माझी गाडी उशिरा होती. त्याआधी सुरतहून येणारी एक गाडी लागायची होती. फलाटावर पुढच्या बाजूला मॅडम उभ्या दिसल्या, हातात जेवणाचा डबा असलेली कापडी पिशवी. शेजारी बाकावर बोरसे सर. मला पाहून त्या जरा ओशाळल्या. म्हणाल्या, “प्रकाश जळगावला चाललाय, सासरी कोणाचं तरी लग्न आहे. सुरेखाने डबा नंबर कळवलाय. त्याला माहीत नाही.”

गाडी आली. मॅडम गाडीबरोबर झरझर चालायला लागल्या. इतक्या झरझर मी त्यांना बऱ्याच दिवसांत चालताना पाहिलं नव्हतं. एका खिडकीतून सुरेखाने हात बाहेर काढला. मॅडमनी पिशवी वर केली, ती गजांतून जाईना, म्हणून डबा काढून आडवा करून दिला. सुरेखाने त्यांचा हात धरला आणि आत वळून काहीतरी म्हणाली. वरच्या बर्थवर भिंतीकडे तोंड करून कोणी झोपलं होतं. सुरेखाने त्याचा पाय हलवला, पुन्हा हलवला. त्याने पाय आखडून घेतला. जागाच होता.

गाडी इथे फार थांबत नाही. ती हलली तशी सुरेखाने हात सोडला. मॅडम खिडकीबरोबर थोडं चालल्या, मग थांबल्या. सगळे डबे त्यांच्यासमोरून निघून गेले. मी जवळ गेले.

त्या रुळांकडे बघत म्हणाल्या, “पाठच दिसली गं. पण शर्ट इस्त्रीचा होता. आणि खांदे भरलेत पहिल्यापेक्षा.” रिकामी पिशवी त्यांनी घडी करून काखेत धरली. “म्हणजे बरं चाललं असेल.”

बोरसे सर उठले. दोघं जिन्याकडे निघाली. सर कठड्याच्या बाजूला, मॅडम त्यांच्या कोपराला धरून. दर दोन-तीन पायऱ्यांनी त्या थांबत होत्या. पुलावर पोचल्यावर त्या गाडी गेली त्या दिशेला तोंड करून जरा उभ्या राहिल्या. तोवर माझ्या गाडीची घोषणा झाली. मी सामान उचललं आणि परत वर पाहिलं, तेव्हा पुलावर कोणी नव्हतं.